पोतंभर मेलेले बल्ब आणि एक निळी चकती

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी संध्याकाळी सात-सव्वासातच्या सुमाराला आमच्या गावात खालच्या आळीतले बल्ब एकदम पांढरेफटक झाले, पंखे असे सुटले की वाटलं आता छतातून निघून येतेत, आणि मग घराघरातून फट्, फट् असे आवाज यायला लागले. मी सणाला म्हणून लातूरचं दुकान बंद ठेवून गावी आलतो. आईनं फुलोरा बांधायला हाक मारलेली, तेवढ्यात हे झालं. आधी आमचा मेन स्विच खाली ओढला आणि मग रस्त्यावर येऊन ओरडत सुटलो, मेन बंद करा, मेन बंद करा. तोवर अर्ध्या आळीचं व्हायचं ते होऊन गेलतं. नवल म्हणजे त्याच वेळी वरच्या आळीत बल्ब मिणमिणते होते, पंखा हातानं फिरवावा तसा फिरत होता.

खालची आळी जळाली आणि वरची विझली म्हणजे काय झालं हे मला तिथंच कळालं. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा न्यूट्रल, वीज परत जायची तार, सुटलाय.

आक्का माझ्याकडं आल्या. आक्का म्हणजे खालच्या आळीच्या टोकाला एकट्या राहतेत, पत्र्याचं घर, घरात दोन बल्ब आणि एक पंखा, बस. म्हणाल्या, "लेकरा, माझे दोनीबी गेले की रे, महालक्ष्म्यापुढं अंधार झालाय." त्या रात्री समया लावल्या आम्ही. दुसऱ्या दिवशी न्यूट्रल जोडला गेला, पण मी सगळ्यांना सांगितलं की गेलेले बल्ब उकिरड्यावर टाकू नका, मला द्या. परत येताना गाडीवर खताचं रिकामं पोतं भरून बल्ब, दोन ट्यूब, तीन-चार माळा असं सगळं दुकानात आणलं. पुढचे आठ दिवस रोज रात्री एकेक उघडून बघालो होतो, त्यात काय सापडलं ते लिहायचंय, म्हणून ही पोस्ट. मोठी होईल, पण इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या पोरांनी आणि घरात बल्ब घेणाऱ्या सगळ्यांनीच वाचा.

आधी न्यूट्रलचा हिशोब समजून घ्या, कारण तिथंच खरं दुखणं आहे. डीपीतून तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, निघतात आणि एक न्यूट्रल. कुठलाही फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट. दोन फेजमध्ये मात्र जवळपास ४०० व्होल्ट, ज्याला आपण बोलताना चारशे चाळीस म्हणतो. न्यूट्रल जागेवर असला की प्रत्येक घराला आपापले २३० मिळतात, शेजाऱ्याचं काय चाललंय याच्याशी संबंध नाही. तो डीपीवर सुटला की एका फेजवरची घरं आणि दुसऱ्या फेजवरची घरं एकमेकांना सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक, लागतात, त्या ४०० व्होल्टवर. आता समजा वरच्या आळीत कोणी १००० वॉटचा हीटर लावलाय, त्याचा रेझिस्टन्स साधारण ५३ ओहम. आणि खाली एका घरात सगळं मिळून १०० वॉटचा लोड, म्हणजे साधारण ५२९ ओहम. बल्बाला साधा रेझिस्टन्स धरून हिशोब करालोय, अगदी काटेकोर नाही, पण अंदाज बरोबर येतो. ४०० व्होल्ट वाटले गेले की हीटरवाल्याच्या वाट्याला ३६ व्होल्ट येतात आणि १०० वॉटवाल्याच्या घरात ३६४ व्होल्ट शिरतात.

परत वाचा हे. ज्याच्या घरी लोड कमी त्याच्या घरी व्होल्टेज जास्त. म्हणजे ज्याच्याकडं दोनच बल्ब आहेत त्याचेच दोन बल्ब आधी जाणार. आक्कांचं तेच झालं. मी चौदा वर्षं हे काम करतोय, हे गणित मला आधीपासून येत होतं, पण आक्कांच्या घरात उभा राहिलो तेव्हा ते मला पहिल्यांदा टोचलं.

आता पोत्याकडं येऊ.

एलईडी म्हणजे जो उजेड देणारा पिवळा ठिपका असतो तो तसा बिचारा चिवट आहे, त्याला फक्त करंट नेमका पाहिजे. व्होल्टेज थोडं वाढलं की त्याच्यातून करंट खूपच वाढतो आणि तो जळतो, म्हणून त्याच्या आधी ड्रायव्हर लागतो जो करंट धरून ठेवतो. त्यामुळं "एलईडी गेला" असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ड्रायव्हर गेलेला असतो. पोत्यातल्या स्वस्त बल्बांमध्ये तर वेगळा ड्रायव्हर नव्हताच, त्याच ॲल्युमिनियमच्या प्लेटवर एलईडी, एसीचं डीसी करणारा एक ब्रिज, करंट धरणारी एक छोटी आयसी (चिप), वीज साठवणारा एक कपॅसिटर, झालं. याला डीओबी, म्हणजे ड्रायव्हर ऑन बोर्ड, म्हणतेत. ह्या पद्धतीत मुळात खोट आहे असं नाही, पण व्होल्टेज वाढलं की जास्तीचं सगळं त्या इवल्या आयसीला उष्णता करून पचवावं लागतं.

ह्यातल्या निम्म्याहून जास्त बल्बांत कपॅसिटरचं टोपण फुगून फाटलेलं होतं, आत तो ओलसर कागद बाहेर आलेला आणि तो उग्र वास, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. का फाटलं ते सोपं आहे. २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून गेलं की त्याचं टोक, म्हणजे लाटेतलं सगळ्यात वरचं व्होल्टेज, होतं २३० गुणिले १.४१४, म्हणजे ३२५ व्होल्ट. कपॅसिटरवर छापलेलं असतं ४०० व्होल्ट. रोजच्या कामाला पुरेसं. पण ३६४ आले की टोक जातं ५१५ वर. चारशेच्या पिशवीत पाचशे कोंबले, फाटणारच. काही बल्बांत ब्रिज शॉर्ट, आयसीला बारीक भोक. चार-पाच बल्बांत मात्र फक्त सुरुवातीचा फ्युजिबल रेझिस्टर, म्हणजे फ्यूजसारखा उडणारा रेझिस्टर, उडालेला, बाकी सगळं जिवंत, ते मी दहा ओहमचा नवीन रेझिस्टर टाकून चालू केले.

आणि दोन बल्ब वेगळे निघाले. एकाच कंपनीचे, आमच्या चुलत्यानं मागच्या दिवाळीला घेतलेले. त्यात फेज आणि न्यूट्रलच्या मधे निळी चकती होती, शर्टाच्या बटणाएवढी. ती फुटून काळी झालेली, तिच्या आधीचा फ्यूज गेलेला. बाकी कपॅसिटर, आयसी, एलईडी सगळं शाबूत! नवीन चकती, नवीन फ्यूज, दोन्ही बल्ब लागले. त्या चकतीची किंमत लातूरच्या मार्केटात सुट्टी घेतली तर पाच-सात रुपये, कंपनीला तर त्याहून कमीतच पडत असणार.

ही चकती म्हणजे एमओव्ही, मेटल ऑक्साईड व्हॅरिस्टर. झिंक ऑक्साईडची भाजलेली वडी, म्हणजे वैद्य लोक ज्याला यशद भस्म म्हणतेत त्याच जातीची पूड दाबून, इतर ऑक्साईड थोडे मिसळून, भट्टीत भाजलेली. तिच्यात कणाला कण चिकटलेले असतात आणि प्रत्येक दोन कणांच्या सांध्यावर साधारण ३ व्होल्टपर्यंत वीज अडून राहते. असे दीडशेक सांधे एकामागं एक आले की ४७० व्होल्टपर्यंत ती चकती दगडासारखी बसते, जसं काही सर्किटमध्ये नाहीच. त्याच्या वर गेलं की सांधे उघडतात आणि ती तारेसारखी होते, जास्तीचं सगळं स्वतःतून ओढून घेते, तेही मायक्रोसेकंदाच्या आतच. चकतीवर १४डी४७१ असं लिहिलेलं असतं. १४ म्हणजे १४ मिलिमीटर व्यास, ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. नवीन पोरं ४७१ ला चारशे एकाहत्तर वाचतात, म्हणून सांगालोय. ही चकती कायम ३०० व्होल्ट एसीपर्यंत चालते.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, इथं दुकानदारसुद्धा चुकतात. एमओव्ही ही वीज कडाडल्यावर जो क्षणाचा धक्का येतो त्याच्यासाठी आहे. धक्का येतो आणि संपतो, चकती गरम होते आणि परत निवते. न्यूट्रल सुटल्यावर मात्र ३६४ व्होल्ट पाच मिनिटं, दहा मिनिटं, तासभरही येत राहतात, तेव्हा चकती सेकंदाला शंभर वेळा उघडते, तापत जाते आणि शेवटी शॉर्ट होऊन फुटते. तिच्या आधी फ्यूज असेल तर फ्यूज उडतो, बल्ब वाचतो. फ्यूज नसेल तर तीच चकती पेट घेते. म्हणून कोणी तुम्हाला "ड्रायव्हरमध्ये एमओव्ही टाकून देतो" म्हणलं तर विचारा की फ्यूज कुठं टाकलाय, आणि चकती फ्यूजच्या नंतर आहे ना. मी स्वतः टाकतो तेव्हा तिच्यावर स्लीव्ह चढवतो आणि प्लास्टिकच्या बॉडीपासून लांब ठेवतो. शिवाय ती झिजते. प्रत्येक मोठ्या धक्क्यात तिचे थोडे सांधे जातात, अडवायची ताकद खाली येते, आणि चार-पाच पावसाळ्यांनी तीच साध्या व्होल्टेजला तापायला लागते. चांगल्या ड्रायव्हरमध्ये चकतीला चिकटून एक थर्मल फ्यूज असतो तो याच्यासाठीच.

दुसरी एक चकती असते, काळी किंवा हिरवट, तिला लोक एमओव्हीच समजतात. ती एनटीसी, आणि ती सिरीजमध्ये असते. रिकामा कपॅसिटर स्विच टाकल्या क्षणी शॉर्टसारखाच असतो, एकदम करंट ओढतो, त्यात स्विचची टोकं आणि ब्रिज दोन्ही मार खातात. एनटीसी थंड असताना ५ ओहम वगैरे अडवते, गरम झाली की ओहमच्या खाली येते आणि बाजूला होते. पण आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट जाते-येते, जाते-येते, दोन सेकंदात परत आली की एनटीसी अजून गरमच असते आणि तो धक्का सरळ आत जातो. लाईट गेली की बटणं बंद करा आणि आल्यावर दोन मिनिटं थांबून लावा असं मी गिऱ्हाइकाला सांगतो ते उगाच नाही.

उन्हाळ्याचं निघालंच तर, मे महिन्यात आपल्या परभणी-नांदेडकडं सावलीतच ४२-४३ असतं, पत्र्याखाली तर विचारूच नका. कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की दहा डिग्री वाढली की आयुष्य निम्मं. चांगल्या आयसीत उष्णतेची राखण असते, आतलं तापमान दीडशे डिग्रीच्या आसपास गेलं की ती करंट कमी करते, बल्ब मंद होतो. मंद झालेला बल्ब खराब नाही, तो स्वतःला वाचवालाय. हेच पॅनल लाईटच्या उघडझापीचं. एका किराणा दुकानात पॅनल सारखी मिचमिच करत होती, मालकानं माझ्याकडं येण्याआधी दोन ड्रायव्हर बदलले होते, दोन्ही तसेच. बघितलं तर छताच्या चॅनेलखाली आउटपुटची वायर दबून शॉर्ट झालेली. ड्रायव्हर चालू व्हायचा, शॉर्ट दिसला की बंद, परत चालू, परत बंद. याला हिकप म्हणतेत, खरंच उचकीसारखं. दोन्ही ड्रायव्हर चांगले होते आणि दोन्ही त्यांनी भंगारात टाकले होते. याच्या उलट, एलईडीच्या सिरीजमधला एक ठिपका उघडा पडला, म्हणजे त्याच्या आतली वाट तुटली, तर करंट धरणारा ड्रायव्हर व्होल्टेज वाढवत वाढवत जातो, करंट जायला वाटच नसते ना. आउटपुटला व्होल्टेजची मर्यादा घातलेली नसेल तर मग आउटपुटचा कपॅसिटर फुटतो. लोक म्हणतेत दोन्ही गेलं, ड्रायव्हरपण आणि प्लेटपण. खरं तर गेला होता एक ठिपका.

आता विजेचं. मृगाच्या आधी आपल्याकडं जो वळीव येतो त्यात पाऊस कमी आणि कडकडाट जास्त. वीज थेट तारेवर पडायला लागत नाही, दोन शेतं पलीकडं झाडावर पडली तरी तारेत हजारो व्होल्टचा झटका उठतो. तो फेज-न्यूट्रलच्या मधे आला तर एमओव्ही बघून घेते. पण बऱ्याचदा फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळून जमिनीच्या तुलनेत वर उचलले जातात, तेव्हा त्या दोघांच्या मधली चकती काहीच करू शकत नाही, तिच्या दोन्ही टोकांना सारखंच. रस्त्यावरचे लाईट असेच जातात. बॉडी लोखंडी खांबाला, बॉडीला एलईडीची ॲल्युमिनियम प्लेट, आणि एलईडी व प्लेट यांच्यात इन्सुलेशनचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. झटका तो थर फोडून खांबातून जमिनीत जातो. अशी प्लेट उघडून उजेडाकडं धरली तर एलईडीच्या सोल्डरशेजारी टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग दिसतो, तोच पुरावा. त्याला इलाज फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ अशी चकती आणि तिच्यासोबत गॅसची नळी, जीडीटी, आणि खांबात १० केव्हीचा, म्हणजे दहा हजार व्होल्टचा, वेगळा एसपीडी, म्हणजे झटका अडवणारा डबा.

पण हे सगळं अर्थिंगच्या जीवावर! जास्तीची वीज जमिनीत सोडायची तर जमीन लागते ना. आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. अर्थिंगचा रॉड त्या भेगेत हवेत उभा असतो. खड्ड्यात मीठ-कोळसा टाका, उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओता, हे आम्ही आयटीआयमध्ये शिकलो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी यायलं होतं, तेव्हा मी कुणाला कोणत्या तोंडानं सांगू की अर्थिंगला पाणी घाला. त्या वर्षी वळवात माझ्याकडं रिपेरिंगला जेवढे ड्रायव्हर आले तेवढे आधी कधी आले नव्हते. तेव्हापासून मी भांड्याची घासणी-धुणी जिथं वाहते त्या मोरीच्या कडेला अर्थिंगचा खड्डा घ्यायला सांगतो, सांडपाण्यानं ओल राहते.

घेताना काय बघायचं विचारतेत लोक. डब्यावर बीआयएसच्या खुणेखाली आर आणि पुढं आकडे असतात ते बघा, बल्बला आयएस १६१०२ आणि वेगळ्या ड्रायव्हरला आयएस १५८८५. हे सक्तीचं आहे, नसेल तर हातात घेऊ नका. मग इनपुट व्होल्टेजची रेंज आणि सर्ज, म्हणजे विजेचा झटका, किती केव्हीचा सोसतो ते वाचा. २.५ केव्ही, ४ केव्ही असं काहीतरी छापलेलं असेल तर आत कोणीतरी विचार केलाय. काही स्ट्रीट लाईटच्या ड्रायव्हरवर ४४० व्होल्ट सहन करतो असं असतं, तसल्या ड्रायव्हरमध्ये व्होल्टेज ओळखून आतला स्विच बंद करायची सोय लागते आणि कपॅसिटरही त्या हिशोबाचे लागतात, कारण ४४० चं टोक ६२२ व्होल्ट होतं. गावात न्यूट्रलचा त्रास असेल तर बाहेरच्या लाईटला हेच घ्या. वीस-तीस रुपये वाचवायला रस्त्यावरच्या ढिगातला बल्ब घेऊ नका हो, विशेषतः ज्याला वर्षात दोनच बल्ब घ्यायचेत त्यानं तर नकोच.

आणि उघडून बघणाऱ्या पोरांना एक विनंती. ह्या बल्बांत आतलं सगळं मेनला जोडलेलं असतं, प्लगमधून काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट बसलेले असतात, आधी रेझिस्टर लावून ते उतरवा, पेचकस टेकवून ठिणगी पाडू नका. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर, शंभरच्या जुन्या पिवळ्या बल्बातून. आत शॉर्ट असेल तर तो पिवळा पेटतो आणि बाकी काही जळत नाही. शंभरचा बल्ब थंड असताना चाळीसेक ओहमचा आणि पेटला की पाचशेच्या वर, म्हणजे तोही एक राखणदारच, एनटीसीच्या बरोबर उलटा. माझ्याकडं अजून सहा जपून ठेवलेत.

आक्कांच्या घरी दिवाळीच्या आधी मी मेनला ओव्हर-अंडर व्होल्टेजचा डबा बसवला, आकडा दाखवणारा, २७० च्या वर आणि १७० च्या खाली गेलं की त्यातला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, वीज तोडतो. न्यूट्रल सुटल्यावर एकेक बल्ब वाचवत बसण्यापेक्षा हजारेक रुपयात सगळं घर वाचतं. पैसे घ्यायचे नव्हते मला पण त्या ऐकेनात, दोनशे-दोनशे करत फेडले.

परवा वळवाच्या संध्याकाळी त्यांचा फोन. "तुझा डबा बिघडला बघ, दोनीबी बल्ब लागना गेलेत, शेजारी तर लखलखालंय."

म्हणलं आक्का, आकडा काय दिसालाय, सुट्टीला आलेल्या नातवाला वाचायला सांगा.

पोरगं म्हणालं, "काका, दोनशे अठ्ठ्याऐंशी. खाली-वर व्हायलाय."

मी म्हणलं हात लावू नको, समई लाव, आणि आधी पळत शेजारी जाऊन त्यांना मेन बंद करायला सांग. मग वायरमनला फोन लावला. पाऊण तासानं आक्कांचाच फोन आला, म्हणाल्या, "लागले बाबा. दोनीबी लागले."